कोजागिरीला लागलेले कुलूप : आमच्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
माननीय सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
ग्रामपंचायत, जिल्हा भंडारा

विषय : सामाजिक सभागृह लोककला मंडळास महिन्यातून एक रात्र पूर्ववत मिळणे आणि यंदाच्या मंडईत (दिवाळीनंतरच्या गावजत्रेत) दंडार (नाच-गाण्याचे लोकनाट्य) व खडी गंमत (शाहिरांचा सवाल-जवाबाचा खेळ) कायम ठेवणे याबाबत.

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या कोजागिरीला संध्याकाळी सात वाजता आम्ही चाळीस-पन्नास माणसे सामाजिक सभागृहासमोर उभी होतो. अंगणात चुलीवर दुधाचा गंज चढला होता, लाखांदूरकडून आलेली खडी गंमतीची पार्टी गाडीतून पेटी आणि ढोलकी उतरवत होती, आणि दाराला नवे कुलूप होते. शिपायाला फोन केला तेव्हा, "ठराव झाला आहे, भाडे भरल्याशिवाय उघडायचे नाही असे सांगितले आहे," एवढेच उत्तर मिळाले. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. आम्ही अंगणातच सतरंज्या टाकल्या, दहा वाजेपर्यंत गाणे ऐकले, दहाला थांबलो, कारण उघड्यावर त्यापुढे वाजवायचे नसते, आणि सहा तासांची गंमत घेऊन आलेल्या शाहिराला अडीच तासांत गुंडाळायला लावून त्याच्या माणसांना माझ्या सपरीत झोपवले. सकाळी निघताना त्याने ठरलेल्या बिदागीतले पाचशे रुपये परत केले. पूर्ण गायलो नाही तर पूर्ण कसे घेऊ, असे तो म्हणाला. ते पाचशे रुपये अजून माझ्या खिशात आहेत आणि ते खर्चात कुठे दाखवावेत हे मला कळत नाही.

त्यानंतर मी आपल्या कार्यालयात दोन अर्ज दिले. दोन्हींवर आवक क्रमांक पडला, उत्तर एकाचेही आले नाही. तोंडी विचारले तर बघू म्हणतात. दिवाळी तोंडावर आली आहे, भाऊबीजेपासून आपल्या भागात मंडया सुरू होतील, आणि त्याआधी या गोष्टीचा निकाल लागावा म्हणून हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे उघड लिहीत आहे. आपला अवमान करण्याचा यात हेतू नाही. आपल्यापैकी तिघांना मी त्यांच्या शाळेच्या वयापासून ओळखतो आणि तेही मला ओळखतात.

माझा या गोष्टीशी संबंध काय, ते आधी सांगतो. माझे वडील खडी गंमतीत डफ वाजवत. त्यांच्या पार्टीला चुलबंद नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून बोलावणे येई, आणि धान घरात आले की दोन-अडीच महिने ते घरी कमीच दिसत. मला स्वतःला डफ साधला नाही; हाताला ताल नाही, हे त्यांनीच मला बाराव्या वर्षी सांगून टाकले. मी डाकसेवक झालो आणि सदतीस वर्षे सायकलवरून सात गावांची डाक वाटली. त्या सायकलवरून मला एक माहिती मात्र आपोआप मिळत गेली. कोणत्या घरात कोण गातो, कोणाच्या आढ्याला डहाक्याचे वाद्य टांगलेले आहे, कोणाची पार्टी मोडली आणि का मोडली, हे मला पत्त्यांसारखे पाठ झाले. निवृत्त झाल्यावर त्या माहितीचा काही उपयोग करावा असे वाटले, आणि गेल्या वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही काही जणांनी महिन्यातून एका रात्रीसाठी सभागृह मागितले. सभेने होकार दिला, प्रोसिडिंगमध्ये तशी नोंद झाली, आणि गेल्या कोजागिरीपासून मंडळ सुरू झाले.

पौर्णिमेला किंवा तिच्या जवळच्या शनिवारी कार्यक्रम, तिकीट नाही, कलावंतांना जेवण, गाडीखर्च आणि जमेल ती बिदागी, एवढीच आमची रचना होती. वर्गणी कोणी रोख दिली, बहुतेकांनी तांदळाने दिली. नोंदवही मी लिहिली असल्यामुळे वर्षाचा हिशेब मला तोंडपाठ आहे : जमा ४१,३०० रुपये, खर्च ४०,१६० रुपये, शिल्लक १,१४० रुपये. वही कोणीही माझ्या घरी येऊन बघावी.

बारा रात्रींत आम्ही काय ऐकले, ते सगळे येथे सांगत बसत नाही. कार्तिकात कोणीच आले नसते, कारण सगळ्या पार्ट्या मंडयांमध्ये गुंतलेल्या होत्या, म्हणून तो कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकलून गावच्याच पोरांची दंडार केली. मार्गशीर्षात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन झाले. फाल्गुनात कोरचीकडची मंडळी येऊन गोंडी रेला गाऊन आणि नाचून गेली. त्या रात्री शब्द आम्हाला कळत नव्हते, पण दहा मिनिटांत अर्धे सभागृह पायाने ताल धरून होते. वैशाखात बुद्धपौर्णिमेला भीमगीते झाली. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या मनात अजून ताजी आहे. त्या रात्री एका म्हाताऱ्या गायकाने आपल्या बापाकडून ऐकलेले त्या काळचे गाणे म्हटले, तेव्हा टाळी वाजवायची की गप्प बसायचे हे क्षणभर कोणालाच सुचले नाही. त्या कार्यक्रमाला गावातल्या सगळ्या मोहल्ल्यांची माणसे एकाच सतरंजीवर होती. आपल्या गावात असे किती प्रसंगांना घडते, हे आपणच आठवून बघावे.

माघातली रात्र मात्र मला विस्ताराने सांगायची आहे, कारण सभागृह आम्हाला कशासाठी हवे आहे ते तिच्यावरून कळेल.

त्या रात्री डहाका होता. डमरूसारखे, पण आकाराने मोठे वाद्य, त्यावर ताल धरून गायकच कथा सांगणार, मागे साथीचे झिलकरी झील, म्हणजे पालुपद, ओढणार, आणि देवादिकांची एक-एक कथा रात्रभर चालणार. या कथा बहुतेक कुठे लिहिलेल्या नाहीत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भाच्या, बोलीवर आणि लोककलांवर आयुष्य घातले, तरी एखाद्या गायकाच्या तोंडी असलेली कथा त्याच्या तोंडीच असते. आमचा गायक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि चार वर्षांनी पहिल्यांदा गात होता. थंडी असल्यामुळे दारे-खिडक्या लावलेल्या होत्या. साडेअकराच्या सुमारास, ऐन कथेच्या मध्यावर, तो थांबला. ओळ आठवेना. झिलकऱ्यांनी झील परत ओढली, पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. तो डहाक्याकडे नुसता बघत राहिला. तेवढ्यात मागून, दाराजवळून, नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आपल्याच गावच्या एका आजीने पुढची ओळ सांगितली. मोठ्याने नाही, शेजारणीला काही सांगावे तशी. गायकाने डहाका कपाळाला लावला आणि कथा पुढे उचलली. त्यानंतर तो थेट पहाटेच थांबला.

त्या आजीचे माहेर गडचिरोली जिल्ह्यातले. तिचा बाप डहाका वाजवायचा. लग्न होऊन या गावी आल्यापासून तिने ते कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते. सदतीस वर्षे मी तिच्या दारात मनीऑर्डरी आणि पत्रे घेऊन गेलो, आणि तिच्याजवळ हे आहे याचा मला पत्ता नव्हता. चैत्रात तिने आणि आणखी आठ बायांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, तो कार्यक्रम त्या एका ओळीतून निघाला. मंडईच्या मोठ्या मंचावर, माणसाच्या उंचीच्या स्पीकर बॉक्सपुढे, मागच्या रांगेतून हळूच सांगितलेली ओळ गायकाला ऐकू आली असती काय, एवढाच विचार आपण करावा.

आता माझ्या तक्रारी. ठरावाची नक्कल मला अजून मिळालेली नाही, म्हणून शिपाई, एक सदस्य आणि ग्रामसेवक यांच्याकडून जी कारणे तोंडी कळली, त्यांनाच मी उत्तर देत आहे.

पहिली तक्रार पद्धतीची. जी गोष्ट ग्रामसभेने सर्वांसमोर दिली, ती मासिक सभेत सात-आठ जणांनी काढून घेतली, आणि ज्यांच्याकडून काढून घेतली त्यांना एका शब्दाने विचारले नाही. ठराव सप्टेंबरात झाल्याचे कळते. म्हणजे त्यानंतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा झाली, मी तिथे पहिल्या रांगेत बसलो होतो, घरकुल, नळयोजना आणि नाल्यांवर दोन तास बोलणे झाले, आणि हा विषय कोणी काढला नाही. तेव्हा सांगितले असते तर लाखांदूरची पार्टी गाडी करून आली नसती.

भाड्याचे म्हणावे, तर रात्रीला अडीच हजार रुपये हा दर लग्नासाठी ठीक आहे. लग्नवाल्याचा मंडपाचा खर्च वाचतो. वर्षाला अकराशे रुपये शिल्लक टाकणाऱ्या मंडळाने तीस हजार आणावेत कुठून? आमच्यामुळे ग्रामपंचायतीचे उत्पन्न बुडते हे म्हणणे तर नोंदवहीत टिकत नाही. बारा महिन्यांत आमची रात्र आणि लग्न एकाच दिवशी आले ते फक्त वैशाखात, आणि तेव्हा आम्ही, कोणी सांगण्याची वाट न बघता, आपल्या सतरंज्या उचलून आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, गेलो. भीमगीते तिथेच झाली. बाकी अकरा रात्री सभागृह रिकामेच राहिले असते. विजेच्या बिलाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ते आम्ही भरायला हवे होते, आम्हाला सुचले नाही, आणि होळीच्या सुमारास फुटलेल्या खिडकीच्या काचेचे पैसेही आमच्याकडून राहिले आहेत.

आवाजाच्या तक्रारीवर मला थोडे सविस्तर बोलावे लागेल. ध्वनिप्रदूषणाचे नियम सन २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, हे सर्वांना माहीत आहे. त्याच नियमांत बंदिस्त जागा, आणि त्यात सामाजिक सभागृहही, आतल्या आत ऐकू जाण्यापुरती वगळलेली आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्ही तर दहानंतर माइकच बंद करत होतो. डहाक्याला आणि ओव्यांना तो लागतही नाही. म्हणजे रात्रभर चालणारी कथा गावात नियमाने जिथे होऊ शकते अशी एकच जागा आहे, आणि तिलाच आपण कुलूप लावले. आता आम्ही अंगणात बसलो तर दहाला उठावे लागते, आणि तिथे आवाजही जास्त जातो. ज्या उन्हाळ्यात आमच्याबद्दल तक्रार झाली, त्याच उन्हाळ्यात वरातीचे डीजे रात्री एक वाजेपर्यंत याच रस्त्याने गेले आणि घरांची कवेलू हलली. त्यांच्याबद्दल ठराव झाल्याचे ऐकिवात नाही. नियम लावायचा तर आम्हालाही लावा, आमची हरकत नाही. पण मग सगळ्यांनाच लावा.

माणसे येत नाहीत, असेही एक कारण सांगतात. आषाढात रोवणीच्या गाण्यांना बारा माणसे होती हे खरे आहे, आणि त्यातली सात गाणाऱ्याच होत्या. चूक माझी होती. दिवसभर बांधीत वाकलेल्या बाईला रात्री सभागृहात येऊन तेच गाणे म्हण म्हणणे हा शहाणपणा नव्हता. ती गाणी ऐकायला आम्हीच शेताच्या धुऱ्यावर जायला हवे होते. भाद्रपदात भुलाबाईच्या गाण्यांना शाळेच्या पोरी आणि त्यांच्या आया मिळून बसायला जागा उरली नव्हती, तीही मोजणी करावी. पण मुळात या कलेला गर्दीच्या मापाने मोजू नये असे माझे मत आहे. झाडीपट्टीच्या नाटकाचे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव तिकीट लावून नाटके करतात, रात्रभर माणसे बसतात, आणि या रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. याचा मलाही अभिमान आहे, आणि मी स्वतः तिकीट काढून नाटके बघतो. पण नाटकाला मंडप आहे, तिकीट आहे, हंगाम आहे. डहाक्याला, ओवीला, खडी गंमतीच्या सवाल-जवाबाला यातले काही नाही. त्यांना लहान खोली लागते, ठरलेला दिवस लागतो, आणि चुकलेली ओळ दुरुस्त करू शकेल असे एखादे माणूस समोर बसलेले लागते. एका वर्षात आम्हाला समजले ते एवढेच.

मंडईबद्दल. यंदा दंडार आणि खडी गंमत काढून त्या पैशात बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणण्याचे ठरले आहे, असे कळते. ऑर्केस्ट्रा आणू नका असे मी म्हणत नाही. तरण्या पोरांना तो हवा असेल तर त्यांनी तो बघावा. परंतु दंडारीशिवाय मंडई झाल्याचे माझ्या आठवणीत नाही, आणि गावची अठरा पोरे गेले दोन महिने धान निंदून आल्यावर संध्याकाळी आखरावर दंडारीचा सराव करत आहेत. त्यांना अजून कोणी काही सांगितलेले नाही. निदान ते तरी आपण त्यांना स्वतः सांगावे. मला सांगायला लावू नये.

आणखी एक तक्रार आहे, आणि ती कुलुपापेक्षा जुनी आहे. शासन ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देते. २०२४ पासून ते महिन्याला ५,००० रुपये झाले. त्यासाठी कलावंताने इतकी वर्षे कला केली याचे पुरावे जोडावे लागतात. ज्या माणसाने जन्मभर रात्री गाऊन काढल्या, त्याच्याजवळ ना पत्रिका असतात ना फोटो. आमच्या मंडळाच्या तारीख-वार नोंदी आणि फोटो दोन म्हाताऱ्यांच्या अर्जाला जोडता आले. त्यांना ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता. तो जूनपासून आज देतो, उद्या देतो असा चालला आहे. त्यांतला एक माघातला डहाक्याचा गायक आहे. तो दर सोमवारी नऊ किलोमीटरवरून येतो, कारण त्याच्या गावची आणि आपली ग्रामपंचायत एकच आहे, आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून परत जातो. पाच हजार रुपये आपल्या खिशातून जायचे नाहीत. सही आपली जायची आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. ठरावाची नक्कल मला द्यावी आणि विषय पुढच्या ग्रामसभेत सर्वांसमोर ठेवावा. सभा जे ठरवील ते मंडळ मान्य करील, ठरले विरुद्ध तरी. तोपर्यंत महिन्यातून एक रात्र, लग्न नसेल तेव्हा, सभागृह पूर्वीप्रमाणे विनाभाडे मिळावे. वीज, झाडलोट आणि मोडतोड यांचा खर्च आम्ही देऊ, मागच्या वर्षाचाही देऊ. काचेसाठी शिल्लक १,१४० रुपये उद्या भरायला तयार आहे. मंडईच्या रात्री पहिले तीन तास गावच्या दंडारीला आणि एका खडी गंमतीला मिळावेत, त्यानंतर ऑर्केस्ट्रा खुशाल सुरू व्हावा. दोन कलावंतांचे दाखले या महिन्यात निघावेत. आणि रात्री दहाचा नियम डीजेलाही लागू आहे हे आपण लेखी जाहीर करावे.

शेवटची विनंती माझी स्वतःची आहे आणि ती ग्रामसभेपर्यंत थांबू शकत नाही. सभागृहाच्या मागच्या खोलीत मंडळाचे लोखंडी कपाट आहे. भाद्रपदाचा कार्यक्रम झाल्यावर दोन तुणतुणी, टाळांची एक पिशवी आणि माझ्या वडिलांचा डफ आम्ही त्यात ठेवला. त्या खोलीचे छत गळते, हे आपल्यालाही माहीत आहे. डफाचे कातडे ओल धरले की सैल पडते. वडील कार्यक्रमाआधी तणसाचा जाळ करून त्यावर तो गोल-गोल फिरवत, बोटाने टिचकी मारून कानाजवळ नेत, आणि आवाज मनासारखा आला की मगच पागोटे बांधत. फार दिवस ओल राहिली तर मात्र कातड्याला बुरशी धरते, मग जाळाचाही उपयोग होत नाही. कोजागिरीनंतर दोनदा पाऊस पडून गेला आहे. कपाटाची किल्ली माझ्याजवळ आहे, सभागृहाची आपल्याकडे आहे. दिवाळीच्या आत कोणत्याही दिवशी, आपल्याला सोयीच्या वेळी, शिपायाला दहा मिनिटांसाठी दार उघडायला सांगावे. मी एकटाच येईन, डफ घेईन आणि जाईन.

आपला,
मंडळाचा चिटणीस आणि गावचा निवृत्त डाकसेवक